साधा कॅमेरा, किट लेन्स आणि अरोरा: तयारीपासून एडिटिंगपर्यंत

उत्तरेच्या क्षितिजाला लागून एक फिकट राखाडी पट्टा दिसतो. ढग आहे की अरोरा (ध्रुवीय प्रकाश), नुसत्या डोळ्यांना कळत नाही. अशा वेळी कॅमेरा त्या दिशेला रोखून दहा सेकंदांचा एक फोटो काढायचा. स्क्रीनवर पट्टा हिरवा आला तर अरोरा. पांढरट किंवा गावातल्या दिव्यांमुळे नारिंगी आला तर ढग. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशींचं काम जवळजवळ थांबतं, कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र रंग दिसत राहतो. त्यामुळे पाच-सात वर्षं जुना कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स एवढ्यावरही, डोळ्यांना जेमतेम जाणवलेला अरोरा फोटोत स्पष्ट उतरतो.

पहिला हिरवा फोटो सहज मिळतो. अडचण येते पुढे. तो फिकट पट्टा अचानक पेटतो, त्याला घड्या पडतात, किरणं सळसळायला लागतात आणि आपण अजून पंधरा सेकंदांच्या शटरवरच (प्रकाश आत घेण्याच्या वेळेवरच) असतो. डोळ्यांना पडद्याची एकेक चुणी दिसलेली असते, फोटोत मात्र सपाट हिरवा धूर येतो. माझं ठाम मत आहे की अरोराच्या फोटोत लेन्सच्या किमतीपेक्षा शटरची वेळ कितीतरी जास्त महत्त्वाची असते, आणि ती वेळ आकाशाच्या चालीवरून ठरवायची असते. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी आकाशात काय चाललंय ते

सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला सतत ढकलत असतो. त्यातून ऊर्जा मिळालेले इलेक्ट्रॉन ध्रुवांजवळच्या वातावरणात शिरतात आणि तिथल्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर आदळतात. नेहमीचा हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. त्याच्याही वर, २०० किलोमीटरच्या पुढे, तोच ऑक्सिजन लाल दिसतो. पडद्याच्या खालच्या काठाला जी गुलाबी-जांभळी किनार असते ती नायट्रोजनची.

यातला एक तपशील फोटो काढणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. नायट्रोजन धक्का बसताच उजळतो. ऑक्सिजनच्या अणूला हिरवा प्रकाश सोडायला सरासरी पाऊण सेकंद लागतं आणि लाल प्रकाश सोडायला जवळजवळ दोन मिनिटं. म्हणून वेगाने पळणाऱ्या पडद्याच्या पुढच्या कडेला गुलाबी रेघ उमटते आणि हिरवा तिच्यामागून येतो. शटर लांब ठेवलं की हिरवा त्या गुलाबी रेघेवर चढून बसतो आणि ती फोटोतून पुसली जाते. लाल प्रकाश मुळातच पसरट असतो, त्यात बारीक नक्षी नसते, त्यामुळे शटर लांबलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

जागा आणि रात्र निवडताना

अरोरा चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात दिसतो. नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधलं किरुना आणि आबिस्को, फिनलंडचा लॅपलंड भाग, आइसलंड, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ ही सगळी ठिकाणं त्या कड्याखाली किंवा त्याच्या अगदी जवळ आहेत. यलोनाइफ ट्रोम्सोपेक्षा सुमारे सात अंश दक्षिणेला असूनही तिथे अरोरा डोक्यावर येतो, कारण भूचुंबकीय ध्रुव (पृथ्वीच्या एकूण चुंबकीय क्षेत्राच्या अक्षाचं टोक) भौगोलिक ध्रुवापासून कॅनडाच्या बाजूला सरकलेला आहे.

अंधार हवा म्हणून हंगाम सप्टेंबर ते मार्चअखेर. ट्रोम्सोला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही आणि त्याच्या आगेमागेही रात्र पुरती काळोखी होत नाही. सप्टेंबर आणि मार्च हे दोन महिने मला जास्त आवडतात. विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी जास्त सहज जुळतं, त्यामुळे अरोराची हालचाल वाढते. शिवाय सप्टेंबरमध्ये तळी गोठलेली नसतात, म्हणजे प्रतिबिंबही मिळतं.

अंदाज बघताना लोक केपी या आकड्याला चिकटून बसतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा हा ० ते ९ असा निर्देशांक तीन-तीन तासांच्या टप्प्यांचा आणि साऱ्या पृथ्वीचा मिळून असतो. ट्रोम्सो किंवा आबिस्कोत आकाश मोकळं असेल तर केपी २ लाही सुरेख अरोरा दिसू शकतो. मी आधी ढगांचा नकाशा बघतो, मग बाकी सगळं. डोंगरांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे आबिस्कोचं आकाश किनाऱ्यापेक्षा जास्त वेळा निरभ्र असतं. तिथल्या मुक्कामाची एवढी शिफारस होते ती त्यामुळेच.

त्या रात्रीसाठी उपयोगी पडतो तो बीझेड. सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा तो दाखवतो. तो ऋण झाला, आणि बराच वेळ ऋण राहिला, की बाहेर पडायची तयारी करावी. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेली यानं हे मोजतात. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने येत असेल तर तिथून आपल्यापर्यंत पोचायला त्याला तासभर लागतो, ८०० ने येत असेल तर अर्धा तास. तेवढीच आपली आगाऊ सूचना. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचं अवकाश-हवामान केंद्र ही मोजमापं आणि पुढच्या थोड्या वेळाचा अरोरा-नकाशा सर्वांसाठी खुला ठेवतं.

चंद्राला घाबरू नका. अर्धा चंद्र बर्फावर आणि झाडांवर इतका छान मंद उजेड टाकतो की पुढचं दृश्य आपोआप उठून दिसतं. पौर्णिमेला मात्र फिकट अरोरा धुऊन निघतो.

सामान

शटर, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) हाताने ठरवता येणारा कोणताही कॅमेरा चालतो. १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स १८ वर, म्हणजे सर्वांत वाइड, ठेवली की तिचं ॲपर्चर एफ ३.५ पर्यंत उघडतं (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं), आणि तेवढ्यात काम होतं. एकच वस्तू वाढवायची असेल तर मोठ्या ॲपर्चरची वाइड लेन्स वाढवा, मग ती जुनी, हाताने फोकस करायची का असेना. एफ १.८ ला एफ ३.५ पेक्षा जवळजवळ चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे किट लेन्सला जिथे आठ सेकंद लागतात तिथे दोनच सेकंद पुरतात, आणि पडद्याच्या चुण्या फोटोत टिकतात. नव्या कॅमेऱ्यापेक्षा हा फरक मोठा आहे.

ट्रायपॉड जड असला तरी चालेल, डळमळीत चालणार नाही. त्याशिवाय दोन जादा बॅटऱ्या, मोकळं मेमरी कार्ड, लाल उजेडाचा हेडलॅम्प, चिकटपट्टी, लेन्स पुसायचं कोरडं कापड, हँड वॉर्मरची पाकिटं, एक रबर बँड आणि कॅमेरा मावेल अशी घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी. रिमोट असेल तर उत्तम, नसेल तर दोन सेकंदांचा टायमर.

लेन्सवरचा यूव्ही फिल्टर (समोर लावलेली संरक्षक काच) काढून ठेवा, आणि तो हॉटेलवरच काढा. माझ्या पहिल्या रात्रीच्या प्रत्येक फोटोत मधोमध, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, एकात एक वर्तुळं आली होती. लेन्स बिघडली असं वाटून मी हवालदिल झालो होतो. दोष फिल्टरचा होता. अरोराचा हिरवा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा असतो. फिल्टरच्या सपाट काचेत तो पुढे-मागे परावर्तित होतो आणि अशी वर्तुळं उमटवतो. एडिटिंगमध्ये ती नीट काढता येत नाहीत. ती रात्र गेली ती गेलीच.

उजेड असतानाच उरकायची कामं

दिवसा त्या जागेवर एकदा जाऊन या. उत्तर कुठे आहे, दिव्यांचे खांब कुठे आहेत, पुढच्या दृश्यात झाड, झोपडी, तळं असं काय घेता येईल, हे बघून ठेवा. गाडी रस्त्यावर न थांबवता कुठे लावता येईल तेही ठरवा. अंधारात अनोळखी बर्फावर पाय ठेवत जागा शोधणं धोक्याचं आहे. गोठलेल्या तळ्यावर तर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरूच नये.

मग खोलीत बसून कॅमेरा लावा. फोटो रॉ फॉरमॅटमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये. मोड मॅन्युअल. फ्लॅश आणि ऑटोफोकसचा दिवा बंद. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद, कारण कंप नसताना ते स्वतःच सूक्ष्म हालचाल करू शकतं. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' हा पर्याय बंद करायला विसरू नका. तो चालू असेल तर दहा सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी दहा सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि नेमकं आकाश पेटलेलं असताना तुम्ही नुसते उभे राहता. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारा, केल्विनमध्ये मोजला जाणारा पर्याय) ३५०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान एका आकड्यावर पक्का करा. ऑटोवर ठेवलात तर दर फोटोत हिरव्याची छटा बदलते. स्क्रीनचा उजेड कमीत कमी करा.

कॅमेऱ्याचं घड्याळही अचूक लावा. नॉर्वेच्या कार्ल स्टॉर्मर या शास्त्रज्ञाने १९१० पासून अरोराचे हजारो फोटो काढले. टेलिफोनने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो घ्यायचे, आणि मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत पट्टा किती सरकलेला दिसतो त्यावरून उंची काढायची, अशी त्याची पद्धत होती. अरोरा शंभर किलोमीटरच्या आसपास असतो हे अशा जोडफोटोंमधून पक्कं झालं. अलीकडे कॅनडातल्या हौशी छायाचित्रकारांनी टिपलेल्या एका अरुंद जांभळ्या पट्ट्यामुळे शास्त्रज्ञांना 'स्टीव्ह' नावाचा वेगळाच आविष्कार अभ्यासायला मिळाला. त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये आला. बिनचूक वेळ नोंदलेला आणि तारे स्पष्ट दिसणारा तुमचा साधा फोटोसुद्धा अशा कामाचा असतो.

फोकस

अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो. तो बंद करून फोकस हाताने लावायचा, आणि अरोरा दिसायच्या आधी लावायचा. आकाश पेटल्यावर फोकस शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

लेन्सवरचं बटण मॅन्युअल फोकसवर न्या. झूम सर्वांत वाइड करा आणि रात्रभर त्याला हात लावू नका. झूम हलला की बहुतेक लेन्समध्ये फोकसही हलतो. ॲपर्चर पूर्ण उघडा, आयएसओ वाढवा, लाइव्ह व्ह्यू (लेन्समधलं दृश्य स्क्रीनवर दाखवणारा पर्याय) सुरू करा आणि सर्वांत तेजस्वी तारा किंवा ग्रह फ्रेमच्या मधोमध आणा. आता स्क्रीनवर तो दहापट मोठा करून बघा. सुरुवातीला फुगलेला, मऊ गोळा दिसेल. फोकसची रिंग अगदी केसाएवढी फिरवा. गोळा आक्रसत जाईल, त्याचा ठिपका होईल, आणि रिंग आणखी पुढे गेली की पुन्हा फुगेल. त्या वळणावरून मागे या. असं दोन-तीनदा पुढे-मागे केलं की सर्वांत बारीक ठिपका कुठे मिळतो ते बोटांना कळतं. तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा.

तारे झाकलेले असतील तर किलोमीटरभर लांबचा दिवा किंवा चंद्र चालतो. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भिस्त ठेवू नका, खरा फोकस बऱ्याचदा तिच्या किंचित अलीकडे असतो. काही मिररलेस लेन्समध्ये रिंग फिरते पण आतून ती मोटरला नुसता इशारा देते. तिथे चिकटपट्टीचा उपयोग नाही, आणि कॅमेरा बंद केला की फोकस हरवूही शकतो. अशी लेन्स असेल तर कॅमेरा बंद-चालू झाल्यावर दर वेळी तारा पुन्हा तपासा.

एक चाचणी फोटो घ्या, मोठा करून तारे बघा. मधले तारे टोकदार हवेत. कोपऱ्यातले थोडे पंख फुटल्यासारखे दिसले तर तो लेन्सचा स्वभाव आहे, फोकसची चूक नाही. तापमान उतरत जातं तसा फोकस किंचित सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा एकदा बघावं.

शटर: आकाशाच्या चालीने

ॲपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, ही रात्रीची सुरुवात. जुन्या कॅमेऱ्यात ३२०० ला दाणे दिसतात, पण दाणे पुढे कमी करता येतात; पुसलेली नक्षी परत आणता येत नाही. म्हणून आयएसओ वाढवायला कचरू नका, शटर लांबवणं मात्र टाळा.

शटरची वरची मर्यादा तारे ठरवतात. ५०० ला लेन्सच्या लांबीने (तिच्यावर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याने) भागायचं, हा जुना ठोकताळा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात लांबीला आधी दीडने गुणा: १८ ची लेन्स २७ धरायची, म्हणजे सुमारे १८ सेकंद. त्यापुढे तारे रेघोट्या होतात. अरोरासाठी इतकं लांब जायची वेळ क्वचितच येते.

बहुतेक चांगल्या रात्री एका क्रमाने उलगडतात. सुरुवातीला उत्तरेकडे एक शांत कमान असते. ती अर्धा तास जागची हलत नाही. इथे १० ते १५ सेकंद ठीक. मग तिचा खालचा काठ उजळतो, कडा धारदार होते. हा इशारा आहे. शटर ताबडतोब ५-६ सेकंदांवर आणा, फोटो थोडा गडद आला तरी. पुढच्या काही मिनिटांत कमानीत उभ्या रेषा पडतात, तिला घड्या पडायला लागतात, ती डोक्याकडे सरकते. आता २-३ सेकंद. आणि सगळा पडदा फुटून डोक्यावर आला, किरणं चहूकडून एकाच बिंदूकडे धावताना दिसली, की त्याला कोरोना म्हणतात. तिथे एक सेकंद किंवा त्याहूनही कमी. या वेळी प्रकाश इतका वाढतो की किट लेन्सलाही एवढं शटर पुरतं. बर्फ हिरवा दिसायला लागतो, माणसांच्या सावल्या पडतात.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा एक सवय लावा. फोटो काढण्याआधी पडद्यावरच्या एका किरणाकडे बघत मनात मोजा: एक, दोन, तीन. तो किती अंकांत आपल्या जाडीएवढा सरकला? तेवढं शटर. यापेक्षा चांगला मीटर मला अजून सापडलेला नाही.

स्फोट ओसरल्यावर लोक सामान आवरायला लागतात. थांबा. मध्यरात्रीनंतर, पहाटेकडे, आकाशभर ढगांसारखे फिकट ठिपके उघडझाप करायला लागतात. एकेक ठिपका काही सेकंदांच्या तालावर पेटतो आणि विझतो. डोळ्यांना तो आकाशाचा श्वास वाटतो. १५ सेकंदांच्या फोटोत ही उघडझाप पूर्ण मिसळून जाते आणि नुसती हिरवट साय उरते. आयएसओ ६४०० पर्यंत चढवून ३-४ सेकंदांत घेतलेल्या लागोपाठच्या फोटोंमध्ये मात्र ठिपके येताना-जाताना दिसतात. अशी फ्रेममागून फ्रेम घ्यायची असेल तर इंटरव्हलमध्ये (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणाऱ्या पर्यायात) दोन फोटोंमधलं अंतर सेकंदभराचंच ठेवा. पुढे त्याचा टाइमलॅप्सही होतो.

स्क्रीनवरच्या फोटोवर विश्वास ठेवू नका. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांना मंद फोटोही झगझगीत वाटतो, आणि घरी उघडल्यावर तो काळाठिक्कर निघतो. हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत काळोख किती (डावीकडे) आणि उजेड किती (उजवीकडे) ते डोंगरासारख्या आकाराने दाखवणारा आलेख. त्यातला डोंगर डावीकडच्या एक-तृतीयांश भागात असावा, डाव्या भिंतीला चिकटलेला नसावा. रंगवार हिस्टोग्राम असेल तर हिरव्याकडे लक्ष ठेवा. जोराच्या अरोरात तोच आधी उजव्या भिंतीला टेकतो, आणि मग पडद्याचा गाभा पांढरट सपाट होतो. तसं दिसलं की शटर आणखी आखूड करा, आयएसओ नंतर.

मोबाइल असेल तर

बहुतेक मोबाइलचं ॲपर्चर बदलत नाही, पण मुख्य कॅमेऱ्याचं ते बऱ्यापैकी मोठं असतं. म्हणून १ एक्स वरच, म्हणजे मुख्य कॅमेऱ्यावर झूम न करता राहा. अल्ट्रावाइडमध्ये आकाश जास्त मावतं, पण प्रकाश फार कमी येतो. आयफोनमध्ये ११ पासून नाइट मोड आहे, आणि फोन अगदी स्थिर आहे असं त्याला जाणवलं तरच त्याची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढते. हातात धरून ती वेळ मिळत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये ४ पासून ताऱ्यांसाठी वेगळा मोड आहे, तो चार मिनिटांपर्यंत फोटो जमवत राहतो. शांत कमानीला तो चांगला, नाचणाऱ्या पडद्याला नाही. ज्या फोनमध्ये प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा पर्याय) आहे त्यात फोकस अनंतावर, आयएसओ १६०० च्या आसपास आणि शटर ४ ते ८ सेकंद ठेवा, आणि रॉ मिळत असेल तर रॉ घ्या.

क्लॅम्प आणि लहानसा ट्रायपॉड नसेल तर फोन दगडावर हातमोज्याच्या आधाराने टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बाहेर काढण्यापूर्वी मागची काच पुसा. बोटाचा एक तेलकट ठसा सगळ्या ताऱ्यांभोवती धुकं करतो.

फ्रेममध्ये काय घ्यायचं

नुसत्या हिरव्या आकाशाचे शंभर फोटो एकसारखेच दिसतात. खाली काहीतरी हवं, ज्यावरून आकाशाची भव्यता कळेल. मी क्षितिज खालच्या चौथ्या हिश्श्यात ठेवतो आणि जमलं तर कॅमेरा उभा करतो, कारण किरणं उभी असतात. तळ्यात प्रतिबिंब मिळत असेल तर क्षितिज मधोमध आणायला हरकत नाही. स्क्रीनवरची लेव्हल लावून ठेवा. काळोखात कललेलं क्षितिज लक्षात येत नाही.

आणि अधूनमधून मागे वळून बघा. सगळे उत्तरेकडे तोंड करून उभे असतात आणि जोराच्या रात्री पडदा डोक्यावरून पलीकडे दक्षिणेला गेलेला असतो.

माणूस घ्यायचा असेल तर शटर २-३ सेकंदांचं असताना घ्या. त्याला पाय थोडे फाकवून, श्वास रोखून उभं राहायला सांगा. श्वास सोडला की वाफेचा पांढरा ढग चेहऱ्यावर येतो. चेहरा उजळायला फोनची टॉर्च थेट मारू नका. बाजूच्या बर्फावर क्षणभर फिरवा, परावर्तित उजेड पुरतो. आजूबाजूला इतर कोणी फोटो काढत असेल तर आधी विचारा. तुमच्या एका सेकंदाच्या उजेडाने त्यांची फ्रेम जाते, आणि काळोखाला सरावायला डोळ्यांना पुन्हा वीस-तीस मिनिटं लागतात.

थंडीत

उणे वीसमध्ये बॅटरी बघता बघता उतरते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. उतरलेली बॅटरी टाकून देऊ नका. खिशात ऊब मिळाली की ती आणखी थोडे फोटो देते. आत पातळ हातमोजे आणि वर जाड मिटन घाला, म्हणजे बटणं दाबायला फक्त वरचा काढावा लागतो. उघड्या बोटांनी ट्रायपॉडचा धातू धरू नका.

ताज्या बर्फात ट्रायपॉडचे पाय हळूहळू खचतात आणि प्रत्येक फोटो किंचित हलतो. पाय आधी टणक थरापर्यंत दाबून घ्या. मधला दांडा वर काढू नका. लाकडी पुलावर किंवा फळ्यांच्या वाटेवर शेजारून कोणी चाललं तरी तारे थरथरतात, शटर मिटेपर्यंत थांबायला सांगा.

लेन्सवर दव किंवा हिम धरलं तर फोटो हळूहळू मऊ होत जातात आणि आपल्याला वाटतं फोकस गेला. हँड वॉर्मर रबर बँडने लेन्सभोवती, फोकसच्या रिंगेपासून दूर बांधून ठेवला की काच कोरडी राहते. काचेवर फुंकर मारू नका, वाफ तिथेच गोठते.

परत निघताना बाहेरच, थंडीतच, मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्या. मग कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिचं तोंड घट्ट बंद करा आणि तसाच आत न्या. उबदार खोलीतली दमट हवा थंड कॅमेऱ्यावर पाणी धरते, आत सर्किटपर्यंत. पिशवी असली की ते पाणी पिशवीच्या बाहेर जमतं. दोन-तीन तास, शक्यतो सकाळपर्यंत, उघडू नका. कार्ड खिशात असल्यामुळे फोटो बघायला अडत नाही.

एडिटिंग

रॉ फाइल उघडल्यावर पहिलं काम व्हाइट बॅलन्स. फोटोत सगळंच हिरवं दिसत असेल तर पडदा नसलेला आकाशाचा काळोखा तुकडा बघा. तो गडद निळसर किंवा तटस्थ दिसेपर्यंत केल्विन सरकवा. मग काळा बिंदू (फोटोतला सर्वांत गडद भाग किती काळा दिसावा ते ठरवणारा स्लायडर) थोडा खाली घ्या, म्हणजे आकाशाला खोली येते, आणि पुढचं दृश्य सावल्यांमधून जरासं वर काढा. दाणे कमी करण्याचा स्लायडर अर्ध्याच्या पुढे नेला की किरणांच्या बारीक रेषा मेणासारख्या वितळतात, तिथे हात आखडता घ्या.

सॅच्युरेशनला मी जवळजवळ हातच लावत नाही. कॅमेऱ्याने रंग डोळ्यांपेक्षा जास्तच टिपलेला असतो. तो आणखी चढवला की आधी गुलाबी किनार नाहीशी होते आणि मग हिरव्यातल्या पिवळसर-पोपटी छटा एक होऊन जातात. पुढचं दृश्य फारच काळं असेल तर त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, आकाश शांत झाल्यावर ३० सेकंदांचा वेगळा फोटो घेऊन खालचा भाग त्यातून जोडता येतो. तसं केलं असेल तर फोटोखाली लिहावं.

रात्री अंधाऱ्या खोलीत एडिट केलेला फोटो दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा उघडा. माझा तरी तो निम्म्या वेळा अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) गडद निघतो, आणि अंतिम फाइल मी त्यानंतरच तयार करतो.